एडिसनहून शँपेन-अर्बानाला: आठ जणांचे बिऱ्हाड हलवण्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसन, न्यू जर्सी येथून आपले आठ जणांचे कुटुंब इलिनॉय राज्यातील शँपेन-अर्बाना या विद्यापीठाच्या जोडगावात हलवायचे आहे. यजमानांना इलिनॉय विद्यापीठात नोकरी मिळाली असून ती ऑगस्टच्या मध्यावर सुरू होईल. आपली नोकरी घरून करण्याची आहे. थोरली मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत आणि मधली मुलगी चौथीत जाईल, तर शेंडेफळ सप्टेंबरच्या मध्यास पाच वर्षांचे होईल. सासू-सासरे सत्तरीचे आहेत आणि त्यांना ग्रीन कार्ड मिळून दोन वर्षे झाली आहेत. जवळच्या महॉमेट गावातील पाच शयनकक्षांचे नवे घर आपल्या मनात भरले आहे. ते थेट विकत घ्यावे का, आणि सगळे कोणत्या क्रमाने हलवावे, असे आपण विचारले आहे.

मध्य इलिनॉयमध्ये कुटुंबांना घरे शोधून देण्याचे आणि त्यांचे बस्तान बसवून देण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. मोठ्या कुटुंबाने घर निवडताना, जे गाडी चालवत नाहीत त्यांचा विचार सर्वांत आधी करावा आणि जे चालवतात त्यांचा शेवटी. आपल्या आठांपैकी सहा जण गाडी चालवत नाहीत. यजमान सकाळी विद्यापीठात गेले की उरलेल्या सहा जणांची सारी ये-जा आपल्या एकटीच्या अंगावर पडेल, आणि त्याच वेळी आपल्याला घरून नोकरीही करायची आहे. घर मोठे आणि स्वस्त मिळाले, परंतु आजोबांना औषधाच्या दुकानात जायलाही सुनेची वाट पाहावी लागली, तर त्या मोठ्या घरात सहा महिन्यांत सगळेच कावून जातात. म्हणून महॉमेटच्या घराला माझे उत्तर तूर्त नकाराचे आहे. त्याची कारणे पुढे सविस्तर देतो.

शँपेन आणि अर्बाना ही एकमेकांना लागून असलेली दोन शहरे आहेत. २०२० च्या जनगणनेत शँपेनची वस्ती सुमारे ८८ हजार आणि अर्बानाची सुमारे ३८ हजार होती. दोन्हींच्या मधोमध १८६७ साली स्थापन झालेले इलिनॉय विद्यापीठ पसरले आहे आणि त्यात आज ५९ हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. दक्षिणेला सव्हॉय हे लहान गाव शँपेनला चिकटूनच आहे. महॉमेट मात्र वायव्येला साधारण १० मैलांवर आहे आणि मध्ये मक्याची व सोयाबीनची शेते आहेत. महॉमेटच्या शाळांचे नाव चांगले आहे, घरे नवी आहेत, नदीकाठी फिरायला सुंदर जागा आहे, हे सगळे खरे आहे. परंतु शँपेन-अर्बानाची नियमित शहर बस तेथे पोहोचत नाही. ही बससेवा १९७१ पासून चालू आहे आणि एवढ्या लहान शहराच्या मानाने ती फार उत्तम आहे. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना ओळखपत्रावर तिचा प्रवास मोफत असतो, आणि ६५ वर्षांवरील नागरिकांनाही पास काढून घेतल्यावर तिकीट पडत नाही. बसथांब्यापासून चालत पाच मिनिटांवर घर असेल तर आजी-आजोबा स्वतःहून वाचनालयात, दवाखान्यात किंवा किराणा दुकानात जाऊन येतात, आणि थोरलीला परवाना मिळेपर्यंत शाळेनंतरच्या उपक्रमांसाठी कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. घर पाहायला जाल तेव्हा थांबा नुसता नकाशावर पाहू नका. घरापासून थांब्यापर्यंत आजोबांच्या चालीने चालून पाहा, पदपथ सलग आहे का तेही पाहा. नव्या वसाहतींत पदपथ मध्येच संपतो, आणि जानेवारीच्या बर्फात तो तुकडा म्हाताऱ्या माणसाला ओलांडता येत नाही.

आता शाळा. आपल्या बाबतीत सगळे वेळापत्रक थोरल्या मुलीवरून ठरायला हवे. अकरावीच्या आरंभी शाळा बदलणे अवघड असले तरी निभावते, अकरावीच्या मध्यावर बदलणे मात्र मी कोणालाही सुचवत नाही. येथील शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात. न्यू जर्सीत शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात आणि लेबर डेनंतर (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर) उघडतात, त्यामुळे आपल्या मुलांची यंदाची उन्हाळी सुट्टी जेमतेम आठ आठवड्यांची होईल. हे मुलांना आत्ताच सांगून ठेवावे. थोरलीसाठी मे महिन्यातच येथील हायस्कूलच्या समुपदेशकाशी बोला आणि चार गोष्टी स्पष्ट विचारा: गणिताचा तिचा पुढचा टप्पा येथे कोणता धरला जाईल, तिने घेतलेले एपी (महाविद्यालयीन पातळीचे) विषय येथे आहेत का, तिची परकीय भाषा त्याच पायरीवर पुढे चालू राहील का, आणि इलिनॉयच्या पदवीसाठी लागणारे नागरिकशास्त्र, ग्राहक शिक्षण व राज्यघटनेची परीक्षा यांतले काय उरेल. ही शेवटची बाब दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या पालकांना ठाऊक नसते आणि बारावीच्या शेवटच्या सत्रात ती अचानक समोर येते. अकरावीच्या विद्यार्थ्यांची राज्य परीक्षा म्हणून २०२५ पासून येथे एसएटीऐवजी एसीटी ही महाविद्यालय प्रवेशासाठीची दुसरी परीक्षा घेतली जाते, हेही तिने लक्षात घ्यावे.

आपण पहिले वर्ष भाड्याने राहून नंतर घर घेणार असाल, आणि मी तेच सुचवणार आहे, तर दुसऱ्या घरात जाताना मुलांची शाळा पुन्हा बदलता कामा नये. या दृष्टीने अर्बानाची एक सोय मोलाची आहे. अर्बानाच्या शालेय जिल्ह्यात माध्यमिक शाळा एकच आणि हायस्कूलही एकच आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या हद्दीत कोठेही घर बदलले तरी थोरल्या दोघांची शाळा तीच राहते. शँपेनमध्ये सेंटेनियल आणि सेंट्रल अशी दोन सार्वजनिक हायस्कुले आहेत. तेथील प्राथमिक शाळांसाठी पालकांनी पसंतीक्रम द्यायचा, अशी पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. म्हणजे घराशेजारची शाळा मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. सव्हॉयचा बराचसा भाग शँपेनच्याच शालेय जिल्ह्यात मोडतो. घराच्या जाहिरातीत शाळेचे नाव छापलेले असले तरी त्यावर विसंबू नका. जिल्ह्याच्या कार्यालयाला नेमका पत्ता कळवा आणि लेखी उत्तर मागून घ्या, कारण प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात.

सातवीतल्या मुलासाठी आणखी एक वाट आहे. विद्यापीठ स्वतः चालवते अशी एक प्रायोगिक शाळा अर्बानात आहे आणि गावात तिला सगळे ‘युनी हाय’ म्हणतात. तिच्या पहिल्या वर्षात सातवी आणि आठवीचा अभ्यासक्रम एकत्र पुरा करतात. जागा मोजक्या असतात, प्रवेश निवडीने होतो आणि अर्ज आधीच्या हिवाळ्यात करायचा असतो. या शाळेतून पुढे तीन नोबेल विजेते घडले आहेत. मुलाला अभ्यासाची खरोखर ओढ असेल तर पुढच्या वर्षासाठी जरूर चौकशी करा, पण प्रवेश मिळेलच असे धरून घर निवडू नका.

शेंडेफळाच्या बाबतीत आपल्याला थोडा धक्का बसेल. न्यू जर्सीत अनेक ठिकाणी किंडरगार्टनसाठी (पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी) १ ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण झाली तरी चालते. इलिनॉयमध्ये ही तारीख १ सप्टेंबर आहे. सप्टेंबरच्या मध्यास पाच वर्षांचे होणारे आपले मूल तेथे यंदा शाळेत गेले असते, येथे ते एक वर्ष थांबेल. काही शालेय जिल्हे मुलाची तयारी पाहून अपवाद करतात, परंतु त्यावर भिस्त ठेवू नये. म्हणजे एका वर्षाच्या बालवाडीचा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागेल, आणि चांगल्या बालवाड्यांच्या प्रतीक्षायाद्या लांब असल्याने तेथे आजच नाव घालावे. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या प्रत्येक मुलाची वैद्यकीय तपासणी, लसीकरणाची नोंद आणि पहिल्यांदाच इलिनॉयच्या शाळेत येत असल्यामुळे डोळ्यांची तपासणी लागते. वैद्यकीय तपासणीचे व लसीकरणाचे कागद १५ ऑक्टोबरपर्यंत पुरे झाले नाहीत तर मुलाला घरी पाठवू शकतात. चार मुलांच्या चार भेटी ऑगस्टमध्ये नव्या डॉक्टरकडे मिळवणे कठीण जाते. एडिसनच्या बालरोगतज्ज्ञांकडून इलिनॉयचा छापील नमुना जूनमध्येच भरून घेणे सर्वांत सोपे. प्रवेशअर्जात घरी कोणती भाषा बोलली जाते असा प्रश्न येतो, तेथे निःशंकपणे मराठी लिहावे. फार तर मुलांची इंग्रजीची एक चाचणी होईल, आणि आपली मुले ती सहज पार करतील.

भाड्याचे घर शोधताना विद्यापीठाच्या गावाची एक रीत समजून घेणे अत्यावश्यक आहे. येथील भाड्याचे वर्ष ऑगस्ट ते ऑगस्ट चालते. विद्यापीठाजवळच्या घरांचे करार आदल्या वर्षीच्या शरदातच होऊ लागतात, आणि ऑगस्टच्या मध्यावर हजारो विद्यार्थी एकाच आठवड्यात घरे बदलतात. त्या आठवड्यात ट्रक मिळत नाही, हमाल मिळत नाहीत, हॉटेलात खोली मिळत नाही. आपण जुलैच्या मध्यावर यावे. पाच-सहा शयनकक्षांची जी जुनी घरे विद्यापीठालगत दिसतात, ती विद्यार्थ्यांना माणशी भाडे लावून दिली जातात. जाहिरातीतला आकडा कमी दिसतो, कारण तो एका खोलीचा असतो, आणि शनिवारी रात्री शेजारी काय चालते ते लहान मुले व वृद्ध असलेल्या घराला सोसणारे नसते. कुटुंबांसाठीची चार-पाच शयनकक्षांची भाड्याची घरे नैर्ऋत्य शँपेन, दक्षिण अर्बाना आणि सव्हॉय येथे असतात. ती थोडीच असल्यामुळे शोध फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू करावा लागतो.

‘आठ माणसे’ ऐकताच काही घरमालक कचरतात. आपला हक्क कोठवर आहे हे आपल्याला माहीत असावे. मुले आहेत म्हणून घर नाकारणे १९८८ पासून संघराज्याच्या कायद्याने निषिद्ध आहे. याला अपवाद थोडे आहेत, जसे मालक स्वतः राहतो अशी चार किंवा कमी घरांची इमारत. दुसरीकडे, एका शयनकक्षात दोन माणसे हे प्रमाण सर्वसाधारणपणे वाजवी धरले जाते, त्यामुळे आठ जणांनी तीन शयनकक्षांच्या घराचा आग्रह धरला तर मालकाचा नकार टिकू शकतो. चार शयनकक्षांच्या घराला मात्र आपण मान वर करून अर्ज करावा. चारपेक्षा अधिक माणसांना मनाई करणारा जो नगरनियम लोक सांगतात, तो एकमेकांचे नातेवाईक नसलेल्यांसाठी आहे. आपले एक कुटुंब आहे, हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहा.

पहिल्या वर्षी भाड्यानेच का, तर खरेदीच्या घाईत येथील जमीन आणि येथील कर या दोन गोष्टी नजरेतून सुटतात. जमिनीपासून सांगतो. हा सारा प्रदेश कधी काळी पाणथळ गवताळ माळ होता. काळ्या मातीखाली निचऱ्याचे नळ घालून तो शेतीखाली आणला गेला. माती अतिशय सुपीक आहे, पण तिच्यात पाणी धरून राहते आणि भूभाग सपाट असल्यामुळे ते लवकर वाहून जात नाही. बऱ्याच घरांना तळघर असते, आणि मोठी कुटुंबे नेमकी त्या तळघराच्या लोभाने घर घेतात, कारण तेथे मुलांना खेळायला जागा होते आणि एखादी जादा खोलीही निघते. ते तळघर कोरडे राहणे एका पंपावर अवलंबून असते. घर पाहताना तळघराच्या कोपऱ्यातील खड्ड्यावरचे झाकण उघडून घ्या. त्यात बादलीभर पाणी ओतून संप पंप (साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप) स्वतःहून सुरू होतो का पाहा, मग बाहेर जाऊन ते पाणी भिंतीपासून किती दूर पडते ते पाहा. भिंतीलगतच पडत असेल तर तेच पाणी पुन्हा आत येणार. वादळात वीज जाते आणि नेमका तेव्हाच पाऊस जोराचा असतो, म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप आहे का हे विचारा. भिंतीच्या खालच्या हातभर भागावर पांढरट खार किंवा नव्या रंगाचा पट्टा दिसला तर तेथे पाणी येऊन गेले आहे असे समजावे. घरमालकाच्या साध्या विम्यात पंप बंद पडून आलेल्या पाण्याचे नुकसान बहुधा येत नाही, त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते.

तळघरात कोणाला झोपवणार असाल तर तेथे माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी हवी. तशी नसेल तर ती खोली विक्रेत्याने काहीही म्हटले तरी शयनकक्ष ठरत नाही. रेडॉन हा मातीतून येणारा किरणोत्सारी वायू या जिल्ह्यात अधिक आढळतो. तपासणीत हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा अधिक प्रमाण निघाले तर तो बाहेर काढणारी नळी व पंखा बसवून घ्यावा, आणि त्याचा खर्च विक्रेत्याकडे मागावा. तळघरात मुले झोपणार असतील तर या तपासणीत तडजोड करू नये.

आठ माणसांच्या मराठी घराला लागणाऱ्या आणखी काही गोष्टी तपासनीस आपण होऊन पाहणार नाही. खालच्या मजल्यावर सासू-सासऱ्यांसाठी शयनकक्ष आणि न्हाणीघर दोन्ही हवीत. नुसते शौचालय पुरत नाही, कारण रात्री आंघोळीसाठी नसले तरी आजारपणात जिना चढवणे फार जड जाते. पाणी तापवण्याची टाकी ४० गॅलनची असेल तर सकाळी तिसऱ्या आंघोळीलाच पाणी थंड होते. येथील पाणी भूगर्भातील महॉमेट जलधरातून येते आणि जड असते, त्यामुळे पाणी मृदू करणारे यंत्र चालू स्थितीत आहे का तेही पाहावे. स्वयंपाकघरात चुलीवरचा पंखा लावून बाहेरच्या भिंतीवरची झडप उघडते का ते पाहा. पुष्कळ घरांत तो पंखा जाळीतून गाळलेली हवा परत खोलीतच सोडतो, आणि पाच महिने खिडक्या बंद असलेल्या घरात रोजच्या फोडणीचा वास पडद्यांत आणि कोटांत मुरतो.

आता कर. इलिनॉयचा प्राप्तिकर सरसकट ४.९५ टक्के आहे, परंतु घरपट्टी देशातील सर्वांत जड घरपट्ट्यांपैकी एक आहे. एडिसनच्या सवयीमुळे आपल्याला ती पाहून धक्का बसणार नाही, पण तिची रीत निराळी आहे. करआकारणी बाजारभावाच्या एक तृतीयांशावर होते. समजा घर ४ लाख डॉलरचे आहे, तर आकारणीमूल्य १,३३,३३३ डॉलर धरले जाते. स्वतः राहत असल्याबद्दलची ६,००० डॉलरची सूट वजा जाता १,२७,३३३ उरतात, आणि एकत्रित दर ९ टक्के धरला तर वर्षाला सुमारे ११,४६० डॉलर होतात. दर प्रत्येक हद्दीत निराळा असतो. अर्बानात तो शँपेनपेक्षा चढा असतो, कारण शहराच्या मानाने करमुक्त जमीन तेथे अधिक आहे. कर एक वर्ष मागे चालतो. यंदा जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये भरायचे हप्ते गेल्या वर्षाचे असतात, म्हणून खरेदीच्या वेळी विक्रेत्याने त्याच्या काळातील कर हिशेबात वळता करून दिला पाहिजे. आपल्या मनात भरलेल्या महॉमेटच्या नव्या घराच्या बाबतीत येथेच फसगत होण्याची शक्यता असते. नव्या घराच्या जाहिरातीत दिसणारा कर पुष्कळदा रिकाम्या भूखंडाचा किंवा अर्धवट बांधकामाचा असतो. बँक त्यावरच मासिक हप्ता बेतते, आणि पूर्ण आकारणीचे बिल आले की हप्ता एकदम शेकडो डॉलरनी वाढतो. म्हणून पूर्ण आकारणीवर कर किती येईल हे तालुक्याच्या आकारणी कार्यालयाला विचारून स्वतः मांडून पाहा. शिवाय येथे खरेदीचा करार वकिलाकडून तपासून घेण्याची प्रथा आहे आणि त्यासाठी करारात काही दिवसांची मुदत असते. ती वापरावीच.

आपल्या पत्रात सासू-सासऱ्यांच्या विम्याचा उल्लेख नाही, आणि मला सर्वांत काळजी त्याचीच वाटते. ग्रीन कार्ड मिळून दोनच वर्षे झाली असल्यामुळे ते अजून मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) विकत घेऊ शकत नाहीत. त्यासाठी ६५ वर्षे वयाबरोबर सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. त्यांचा विमा बहुधा न्यू जर्सी राज्याच्या आरोग्यविमा बाजारपेठेतून घेतलेला असेल, आणि तो इलिनॉयमध्ये चालत नाही. राज्य बदलल्यावर नवा विमा घेण्यासाठी ६० दिवसांची खास मुदत मिळते, परंतु त्याआधीच्या काळात विमा चालू होता याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून जुना विमा घाईने बंद करू नका. नवा विमा साधारणपणे निवड केल्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतो. म्हणून दोघांनी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात यावे, आल्याबरोबर २-३ दिवसांत योजना निवडावी आणि १ ऑगस्टपासून संरक्षण सुरू होईल असे पाहावे. योजना निवडण्यापूर्वी अर्बानातील कार्ल रुग्णालय तिच्या जाळ्यात आहे का याची खात्री करा. गंभीर अपघातांवर उपचार करणारे उच्च दर्जाचे आघात केंद्र (ट्रॉमा सेंटर) तेच आहे, आणि विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालयही त्याच्याशी जोडलेले आहे. दोघांची सगळी औषधे तीन महिन्यांची घेऊन निघा, कारण नव्या डॉक्टरची पहिली भेट मिळायला वेळ लागतो. ग्रीन कार्डधारकांनी पत्ता बदलल्यावर १० दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवायचे असते, तेही त्याच आठवड्यात उरका.

यजमानांच्या नोकरीविषयी तीन गोष्टी. इलिनॉय विद्यापीठाचे कर्मचारी राज्याच्या विद्यापीठ निवृत्ती योजनेत ८ टक्के भरतात आणि सोशल सिक्युरिटीत (संघराज्याच्या निवृत्तिवेतन योजनेत) भरत नाहीत. यजमानांची सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी लागणारी ४० क्रेडिट्स आधीच झाली आहेत का, हे आजच त्यांच्या खात्यात पाहा. निवृत्ती योजनेच्या पर्यायांतून निवड करायला सहा महिने मिळतात आणि ती नंतर बदलता येत नाही, म्हणून ती सामान लावण्याच्या गडबडीत होऊ देऊ नका. दुसरे, विद्यापीठ स्थलांतराचा खर्च देणार असेल तर तो २०१८ पासून पगारात धरला जाऊन त्यावर कर लागतो. दहा हजार कबूल झाले तर हातात दहा हजार येणार नाहीत. तिसरी गोष्ट आनंदाची आहे. सात वर्षांच्या सेवेनंतर कर्मचाऱ्यांच्या मुलांना राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत अर्धे शिक्षणशुल्क माफ होते. थोरलीला त्याचा लाभ मिळणार नाही, मुलाला महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षापासून मिळू शकेल, आणि धाकट्या दोघांना पूर्ण मिळेल. चार मुलांच्या घरात ही रक्कम लहान नाही. आपल्या स्वतःच्या नोकरीबाबत एवढेच सांगतो की घरून काम करण्याची परवानगी इलिनॉयचा पत्ता घालून लेखी घ्या. ही नोकरी सुटली तर येथे आपल्या क्षेत्रातील कामे शिकागोच्या मानाने मोजकीच आहेत. विद्यापीठात जोडीदाराच्या नोकरीसाठी साह्य करणारी व्यवस्था आहे, तिच्याशी यजमान रुजू होण्यापूर्वीच संपर्क साधा.

सामानाबाबत थोडक्यात. अंतर सुमारे ८०० मैल आहे आणि राज्य ओलांडत असल्यामुळे वाहतूकदाराकडे संघराज्याचा नोंदणी क्रमांक हवा. घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर पाहून दिलेला आणि ‘यापेक्षा अधिक नाही’ असे बंधन असलेला लेखी अंदाज घ्या. अंदाज बंधनकारक नसेल तर सामान उतरवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांपर्यंतच रक्कम मागता येते, हा नियम लक्षात ठेवा. न वाचता सही करून पूर्ण मूल्याचे संरक्षण सोडून दिले तर भरपाई वस्तूमागे पौंडाला ६० सेंट एवढीच मिळू शकते, म्हणजे ४० पौंडांचा टीव्ही फुटला तर २४ डॉलर. म्हणून ते संरक्षण सोडू नये. पासपोर्ट, ग्रीन कार्डे, मुलांचे शाळेचे व लसीचे कागद, दागिने आणि औषधे ट्रकमध्ये जाता कामा नयेत.

यजमान आणि थोरली दोन मुले जुलैच्या मध्यावर गाडीने पुढे येऊन घर लावून ठेवतील, आणि आपण धाकट्या दोघांना व सासू-सासऱ्यांना घेऊन जुलैच्या शेवटच्या आठवड्यात विमानाने शिकागोच्या ओहेअर विमानतळावर याल, अशी विभागणी मला बरी वाटते. ओहेअरहून पुढे सव्हॉयच्या विलर्ड विमानतळापर्यंत लहान विमान आहे, पण वृद्धांना पुन्हा विमान बदलण्यापेक्षा अडीच तासांचा मोटारप्रवास सुखाचा जातो. आल्यावर ३० दिवसांत गाड्यांची नोंदणी आणि ९० दिवसांत चालक परवाना इलिनॉयचा करून घ्यावा. आठ वर्षांखालील मुलाला येथे गाडीत योग्य आसन सक्तीचे आहे, तेव्हा आठ आसनी गाडीत ते कोठे बसेल आणि आजी कोठे बसतील, हे गाडी घेण्यापूर्वी बसून पाहा.

हवामानाची भीती बाळगू नका, तयारी ठेवा. जानेवारीत रात्री तापमान शून्याखाली आठ-नऊ अंश सेल्सियसपर्यंत नेहमीच जाते आणि अधूनमधून बरेच खाली जाते. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० वाजता चक्रीवादळाचा भोंगा वाजला तर ती चाचणी असते, हे सासू-सासऱ्यांना आधीच सांगा, नाहीतर त्या दिवशी घरात एकटे असताना ते घाबरतील. इतर वेळी वाजला तर तळघरात जायचे, आणि टाळाटाळ करायची नाही. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये याच जिल्ह्यातील गिफर्ड गावाची वादळाने मोठी हानी केली होती.

मराठी सोबतीविषयी आपण विचारले आहे. विद्यापीठामुळे महाराष्ट्रातून आलेले विद्यार्थी आणि प्राध्यापकांची कुटुंबे येथे कायम असतात, भारतीय किराणा गावातच मिळतो, परंतु एडिसनसारखी वस्ती येथे नाही आणि तशी अपेक्षा ठेवू नये. गणपती आणि नाटकांसाठी शिकागोच्या महाराष्ट्र मंडळाकडे जावे लागते, रस्ता साधारण सव्वादोन तासांचा आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेचा अभ्यासक्रम धाकट्या दोघांसाठी चौकशी करण्यासारखा आहे. सासऱ्यांना वाचनाची आवड असल्याचे आपण लिहिले आहे. दोन्ही शहरांची वाचनालये उत्तम आहेत, आणि १९१२-१३ च्या हिवाळ्यात रवींद्रनाथ ठाकूर आपल्या मुलासह अर्बानात राहिले होते, हे ऐकून त्यांना गावाविषयी आपुलकी वाटेल.

महॉमेटच्या घराविषयीचे माझे मत दोनच परिस्थितींत बदलेल: सासरे येथे परवाना काढून स्वतः गाडी चालवणार असतील, किंवा आपण नोकरी सोडून काही वर्षे घरी राहणार असाल. यांपैकी काहीच नसेल तर दक्षिण अर्बानात किंवा नैर्ऋत्य शँपेनमध्ये बसथांब्याजवळ चार शयनकक्षांचे घर एका वर्षासाठी भाड्याने घ्या, आणि करार ऑगस्टऐवजी जुलैच्या मध्यापासून मिळतो का ते पाहा. मुलांच्या शाळांना पत्र मात्र याच आठवड्यात जाऊ द्या.